डोक्यातले ढोल-ताशे

फाल्गुन महिना. रत्नागिरीत श्रीदेव भैरीची पालखी निघालेली. बाहेर ढोल-ताशे कडाडतायत आणि तुम्ही घरात दहावीचं पुस्तक उघडून बसलायत. शिमगा आणि परीक्षा, दोघांची गाठ बहुतेक मार्चमध्येच पडते! शेवटी तुम्ही ठरवता, "आज रात्रभर जागायचं आणि इतिहास संपवूनच टाकायचा."

थांबा मित्रांनो! आधी तुमच्या डोक्यात वाजणाऱ्या ढोलांची गोष्ट ऐका.

आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. त्या विजेच्या अगदी बारीक लहरींनी एकमेकींशी बोलतात. जर्मनीतल्या येना गावी हान्स बर्गर या डॉक्टरांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतल्या या लहरी पहिल्यांदा टिपल्या. पुढे त्यांनी आपल्या शाळकरी मुलाच्या, क्लाउसच्या, डोक्यालाही तारा लावल्या! डोळे मिटून शांत बसलं, की सेकंदाला साधारण दहा लहरी उमटत. डोळे उघडले, की त्या मावळत. १९२९ साली त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला. डॉक्टर आज 'ईईजी' काढतात ना, त्याची सुरुवात ही अशी झाली.

पण या लहरी हव्यात कशाला? पालखी नाचवताना पाहा. खांदे अनेक, पण पावलं पडतात ढोलाच्या ठेक्यावर. ठेका चुकला, की पालखी हेलकावलीच! वर्गात बाई फळ्यावर आकृती काढतात, तेव्हा ती पाहायचं काम मेंदूच्या मागच्या भागाचं, तर बाईंचं बोलणं ऐकायचं काम कानांजवळच्या भागांचं. हे भाग एका ठेक्यात आले, तर एकाचा निरोप दुसऱ्याला नीट पोचतो, असं शास्त्रज्ञांना वाटतं. मात्र सगळेच ढोल एकदम बेभान बडवले तर? फेफऱ्याच्या झटक्यात काहीसं असंच होतं.

आता खरी गंमत. तुम्ही झोपता, पण ढोल थांबत नाहीत, फक्त ठेका बदलतो. गाढ झोपेत संथ, मोठ्या लहरी येतात, सेकंदाला जेमतेम एखादी. त्यांच्यावर स्वार होऊन सेकंदाला बारा-पंधरा वेळा थरथरणाऱ्या छोट्या लहरी येतात. त्याच सुमाराला हिप्पोकॅम्पस नावाच्या भागातून अतिवेगवान तरंग उठतात. हा भाग दिसतो समुद्रघोड्यासारखा आणि नव्या आठवणी आधी त्याच्याकडेच येतात. तिन्ही ठेके जुळले, की दिवसभरात शिकलेलं मेंदूच्या वरच्या थरात पक्कं व्हायला मदत होते. १९९४ साली अमेरिकेत दोन शास्त्रज्ञांनी उंदरांच्या मेंदूत डोकावून पाहिलं. दिवसा फिरताना ज्या पेशी एकत्र जाग्या झाल्या होत्या, त्याच झोपेतही पुन्हा एकत्र वाजत होत्या. म्हणजे झोपेत उजळणी चालू!

आपल्या दापोली-हर्णैच्या समुद्रात दिसणारे डॉल्फिन आठवतात? डॉल्फिनच्या मेंदूचा एक अर्धा भाग झोपतो, तेव्हा दुसरा जागा राहतो. त्यांना श्वासासाठी सारखं वर यावं लागतं ना! आपल्याला मात्र ही सोय नाही. आपल्याला आख्खंच झोपावं लागतं.

म्हणजे रात्रभर जागलात, तर वाचलेलं पक्कं करणारा कारागीरच तुम्ही सुट्टीवर पाठवलात की! वर सकाळी पेपर लिहिताना लक्ष लागणार नाही ते वेगळंच. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवी, असं तज्ज्ञ सांगतात. आईबाबा, हे तुमच्यासाठीही बरं का! रात्री अकराला "अजून एक धडा वाच" म्हणण्याआधी जरा विचार करा.

एक प्रयोग करून पाहा. आज झोपण्यापूर्वी दहा नवे शब्द पाठ करा, पुस्तक मिटा आणि छान झोपा. सकाळी चहाआधी ते आठवून पाहा.

आणि पालखी दारात आली, तर खुशाल दर्शन घ्या. मग मात्र पांघरूण ओढा. पुढचे ढोल मेंदू वाजवेल!