वर्गालाही सांगायला हवे

वसईतल्या एका शाळेत मी अर्धवेळ शिकवते. गेल्या वर्षी सहावीत एक मुलगा होता. तोंडी विचारा, घडाघडा उत्तर देई. वहीत मात्र ‘कमळ’चे ‘मकळ’! मी त्याला सगळ्यांसमोर आळशी म्हटले. मग काय, वर्गाला हसायला निमित्तच मिळाले. २००७ साली ‘तारे जमीं पर’ पाहून डोळे पुसणारी मी, समोरच्या बाकावर तेच असून ओळखू शकले नाही.

त्याच्या आईने लोकलने दादर, तिथून शीव अशा खेपा घालून लोकमान्य टिळक रुग्णालयात तपासणी करून घेतली. निघाला डिस्लेक्सिया. बुद्धी छान, पण अक्षरे ओळखण्याची मेंदूची रीत निराळी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेप्रमाणेच अध्ययन-अक्षमताही आहे. प्रमाणपत्र असले की बोर्डाच्या परीक्षेतही सवलती मिळतात.

आमच्या चाचणीत त्याला जादा वेळ दिला, तर मुले कुरकुरली, “बाई, त्यालाच का?”

आईची आणि त्याची परवानगी घेऊन, पण त्याचे नाव न घेता, मी वर्गाला एक खेळ दिला. नेहमीच्या हाताने नाही, दुसऱ्या हाताने पाच ओळी लिहायच्या, दोन मिनिटांत. वर मी ओरडत होते, “आटपा! एवढंही येत नाही?” मुले रडकुंडीला आली. एक मुलगी हळूच म्हणाली, “बाई, काही जणांना रोजच असं होतं का?”

मी म्हटले, “हो गं. आपल्याकडे सुकेळी करायला राजेळी केळी लागतात, नुसती खायला वेलची गोड. दोन्ही केळीच ना? मेंदूचंही तसंच.” ज्युडी सिंगर या ऑस्ट्रेलियन बाईंनी १९९८ च्या आपल्या प्रबंधात यालाच ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ म्हटले आहे, म्हणजे मेंदूंची विविधता. चष्मा लावणाऱ्याला आपण लबाड म्हणत नाही. मग जादा वेळ घेणाऱ्याला का म्हणावे?

आपण आया सवलतींसाठी धावतो, शिक्षकांना भेटतो. पण मूल दिवसभर बसते ते मित्रांच्यात. त्यांना कोण सांगणार? घरीही मुलांशी बोला. ‘बिच्चारा’ म्हणू नका, ‘त्याच्यापेक्षा तू बरा’ असेही नको.

तो अजून कधी कधी ‘मकळ’ लिहितो. शेजारचा मुलगा नुसते बोट ठेवतो, तो खोडतो, आणि धडा पुढे चालू होतो.