गेन कमी कर, सूर सापडेल

गेल्या वर्षी गणपतीच्या कार्यक्रमाची तालीम आटोपून माझा पुतण्या घरी आला तो तोंड पाडूनच. वर्षभर खाऊचे, वाढदिवसाचे, शिकवणीचे पैसे साठवून त्यानं पुण्याहून जुना व्हॉल्व्हचा गिटार अँप्लिफायर आणला होता. वीस वॅटचा डबा आणि बारा इंची स्पीकर. घरी दार लावून वाजवायचा तेव्हा भिंती हादरायच्या. हॉलमध्ये मात्र ड्रम आणि बेस गिटार सुरू झाल्यावर त्याचा आवाज कुणालाच ऐकू येईना. आवाज वाढवला तर नुसती माशी घोंगावल्यासारखी घरघर. एक मित्र म्हणाला, "घरात वाघ, हॉलात मांजर!" ते त्याला फार लागलं. रात्री जेवताना म्हणाला, "काका, विकून टाकतो मी हा डबा."

माझे वडील, म्हणजे त्याचे आजोबा, शेजारीच बसले होते. त्यांनी गुलबर्ग्यात चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले. दुकान बंद केल्यापासून त्यांनी सोल्डरिंगला हात लावला नव्हता, नव्या यंत्रांकडे तर बघतही नसत. त्या रात्री मात्र हात धुऊन उठले, टॉर्च घेतला आणि अँपच्या मागच्या जाळीतून आत डोकावले. "अरे, ईएल ८४! हे तर आपल्या रेडिओतलं पोर. ते इथं काय करतंय?"

आजोबा आणि नातू त्या रात्री एक वाजेपर्यंत बोलत बसले. मी नुसता ऐकत होतो. त्यातलं जे समजलं ते, आपल्या घरांमधल्या गिटार शिकणाऱ्या मुलांसाठी, इथं मांडतो.

रेडिओचा व्हॉल्व्ह, गिटारचा आवाज

आपल्या आजोबांच्या काळी रेडिओ लावला की लगेच बोलत नसे. आतली काच लाल व्हायची, मग हळूहळू आवाज यायचा. तोच व्हॉल्व्ह. आपल्या कर्नाटकाचा त्याच्याशी जुना संबंध आहे. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स १९५४ साली स्थापन झाली आणि १९६१ पासून तिथं रेडिओचे व्हॉल्व्ह बनू लागले. पुढं ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओतून व्हॉल्व्ह गेला. गिटारवाल्यांनी मात्र त्याला सोडलं नाही.

कारण त्याचा दोष. व्हॉल्व्हला झेपेल त्याहून मोठा आवाज दिला की लहरीचा माथा चेपला जातो आणि मूळ सुराबरोबर त्याचे वरचे उपस्वर उमटतात. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या लेखी हा बिघाड, गिटारवाल्याच्या लेखी हेच संगीत. तंबोरा आठवा. घोडीवर तारेखाली सुताचा धागा नेमक्या जागी सरकवला की कोरडी तार एकदम झंकारू लागते, उपस्वरांनी भरून येते. मिरजेच्या ज्या तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यांच्या कारागिरांचं निम्मं कसब या जवारीत असतं. धागा केसभर इकडे-तिकडे झाला की झंकार तरी जातो किंवा नुसती खरखर उरते. अँपचं गेनचं बटण म्हणजे तो धागा समजा.

घरचा वाघ हॉलात का हरतो?

पुतण्याचं सेटिंग असं होतं : गेन दहावर, बेस आठवर, ट्रेबल आठवर, मिडल शून्यावर. एकट्यानं वाजवताना हे भारी वाटतं. त्याचं कारण कानात आहे. आवाज हळू असला की आपल्या कानाला खर्ज आणि टीप कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी हे १९३३ मध्ये मोजून दाखवलं. म्हणून घरी आपण बेस-ट्रेबल वाढवतो. हॉलात आवाज मोठा झाला की तेच जादा वाटू लागतं.

शिवाय खालची जागा आधीच भरलेली असते. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झवर बोलते, बेस गिटारची ४१ वर, आणि जवळपास तिथंच ड्रमचा मोठा ठोकाही असतो. वर झांजा सळसळत असतात. गिटारची हक्काची जागा मधली, आणि नेमकी तीच त्यानं शून्यावर नेली होती. पंगतीत आपलं ताट उचलून ठेवायचं आणि मग वाढत नाहीत म्हणून रुसायचं, तसं झालं हे.

मग करायचं काय?

*गेन उतरवा.* हाय-गेन अँपमध्ये लहान व्हॉल्व्ह एकापुढे एक लावलेले असतात, प्रत्येक आवाज वाढवून पुढच्याला देतो. एका मर्यादेनंतर गेन वाढवला तर नवीन काही मिळत नाही. फक्त सळसळ वाढते आणि हळू-जोरात वाजवण्यातला फरक पुसला जातो. सोपी कसोटी : एक कॉर्ड छेडा. त्यातले सूर वेगळे ऐकू यायचे बंद झाले की एक पायरी मागे या. पुतण्याचा गेन दहावरून साडेपाचवर आला.

*मिडल वाढवा.* सगळी बटणं मध्यावर ठेवून सुरुवात करा. मिडल सहा-सात, बेस चार, ट्रेबल पाच. एकट्यानं वाजवताना हा आवाज जरा बोचरा वाटेल. निर्णय ड्रम चालू असतानाच घ्या.

*खर्ज आधीच छाटा.* बहुतेक हाय-गेन अँपमध्ये बेसचं बटण गेननंतर येतं. म्हणजे खर्ज आधी चेपला जातो, चिखल होतो, मग आपण तो उपसत बसतो. म्हणून बरेच वादक अँपच्या आधी ओव्हरड्राइव्ह पेडल लावतात. त्याचा ड्राइव्ह शून्याजवळ आणि लेव्हल वर ठेवतात. ते पेडल खर्ज थोडा कापून, मधला भाग उचलून पुढे देतं आणि जाड तारांचा ठोका घट्ट येतो.

*स्पीकर कानाकडे वळवा.* टीप स्पीकरच्या नाकासमोर सरळ जाते. डबा जमिनीवर असला तर ती तुमच्या गुडघ्याला ऐकू येते, आणि समोरच्या रांगेतल्या काकूंना थेट कानात. खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करा. कोपऱ्यात खेटून ठेवला तर खर्ज फुगतो.

*घरी शेजाऱ्यांचा विचार करा.* वीस वॅटऐवजी दहा वॅट घेतला तर आवाज निम्मा होत नाही, जेमतेम तीन डेसिबलनं उतरतो. हाय-गेन अँपचा बराचसा रंग सुरुवातीच्या लहान व्हॉल्व्हमध्येच तयार होतो, त्यामुळे मास्टर कमी ठेवूनही चांगला सराव होतो.

आजोबांचे दंडक

पहिला : स्पीकर जोडल्याशिवाय अँप कधीही चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. अँपवर आठ ओहम लिहिलं असेल तर स्पीकरही आठचाच हवा, आणि मधली वायर स्पीकरची हवी, गिटारची नव्हे.

दुसरा : डबा उघडायचा नाही. आत तीनशे-चारशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते साठून राहतात. "मला दोनदा झटका बसलाय, तिसऱ्यांदा तुझी पाळी नको," हे त्यांचे शब्द.

तिसरा : अर्थिंग तपासून घ्या. घुंऽऽ असा सतत आवाज येत असेल तर आधी अर्थिंग आणि वायर बघा, शेजारी चालू असलेला पंख्याचा रेग्युलेटर बघा. पण घुंघुं घालवायला प्लगची तिसरी पिन कधीही काढू नका. व्होल्टेज वर-खाली होत असेल तर स्टॅबिलायझर लावा. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात अँपच्या मागे वारा खेळता ठेवा, त्यावर टॉवेल वाळत घालू नका.

चौथा : तापू द्या. लावल्यावर दोन मिनिटं थांबा. "रेडिओसाठी आम्ही थांबायचो, तुम्हाला कसली घाई?"

दुसऱ्या दिवशी तालमीला आजोबाही गेले. शेवटच्या रांगेत बसले, कारण "आवाज मागेच कळतो." पुतण्या दर गाण्यानंतर त्यांच्याकडे बघायचा आणि ते दोन बोटांनी खूण करायचे : गेन अजून थोडा खाली. तिसऱ्या गाण्याला ड्रम, बेस, गाणारी मुलगी, सगळ्यांमधून गिटार स्वच्छ ऐकू आली. मोठी नव्हती, पण होती.

डबा विकायचा विषय पुन्हा निघाला नाही. आजोबांनी मात्र माळ्यावरची अवजारांची पेटी खाली काढली आहे, आणि रविवारी नातू त्यांच्याकडून सोल्डरिंग शिकतो. सध्या फक्त तुटलेल्या वायरींवर. डब्याला अजून परवानगी नाही.