टोक बघून कात्री घ्या

ब्लाउज हातात पडला की गिऱ्हाईक बाई आधी तो उलटा करते. पाठीवरचा मोर आणि बाहीवरची वेल तिनं फोनवर पाहिलेली असते. तिला बघायचं असतं ते आत काय लोंबतंय. धागे दिसले की "ताई, हे टोचेल हो अंगाला," म्हणते आणि मजुरी कमी करायला बसते. तिचं चुकत नाही. भरतकाम मशीन करतं, पण त्याची सफाई माणसाच्या हातात असते, आणि त्या हातात कुठली कात्री आहे यावर ती ठरते.

मी शिरढोणला घराच्या पडवीत मशीन एम्ब्रॉयडरी करते. पनवेलहून पळस्पे ओलांडून गोवा महामार्गाला लागलं की आमचं गाव येतं. लग्नसराईत हळदीचे ब्लाउज, एरवी खणाच्या पिशव्या, साड्यांचे काठ, टोप्यांवरची नावं अशी कामं येतात. शिकायला येणाऱ्या मुली मशीन कुठलं घ्यावं, रीळ कुठून आणावं, हे खोदून खोदून विचारतात. कात्री मात्र घरात सापडेल ती उचलून आणतात. कुणी शिवणाची दहा इंची आणते, कुणी दुधाची पिशवी कापायची.

मशीन धागे का सोडतं, ते आधी सांगते. एक बुट्टा भरून झाला की सुई उचलून दुसऱ्या बुट्ट्यावर जाते आणि जाताना धागा मागे ओढत नेते. याला आम्ही जंप म्हणतो. धागा आपोआप कापणारी मशीनं असतात, पण आखून दिलेल्या अंतरापेक्षा छोटी जंप तीही सोडून देतात. जी कापतात तिचंही शेपूट कापडावर राहतं.

आमचं गाव आद्यक्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचं जन्मगाव. त्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ चा. टोपीवर त्यांचं नाव काढायला घेतलं की कात्रीची खरी परीक्षा होते. 'वासुदेव' एवढंच बघा. 'सु'चा उकार खाली, 'दे'ची मात्रा वर. सुई खालीवर उड्या मारते आणि प्रत्येक उडीला एक धागा. अक्षर सेंटिमीटरभर उंचीचं असेल तर मधली फट जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. शिरोरेघ शेवटी भरायची असेल, तर तिच्याखाली येणारे धागे त्याआधी कापावे लागतात, नाहीतर ते कायमचे आत दबतात आणि फिक्या रंगाखालून दिसत राहतात. म्हणजे कापड फ्रेममध्ये ताणलेलं असतानाच कात्री चालवायची. शिवणाची कात्री तिथं शिरतच नाही.

या कामाला साडेतीन ते चार इंचांची, बारीक आणि वाकड्या टोकाची कात्री लागते. वाक वरच्या बाजूला ठेवायचा. पात्याचं पोट कापडावर सरकतं आणि टोक कापडापासून उचललेलं राहतं, त्यामुळे कापडात घुसत नाही. सरळ टोकाची कात्री खाली दाबली की टाका कापते, नाहीतर कापडाला भोक पाडते. सॅटिनवर पडलेलं भोक कशानेही झाकत नाही.

दुसरी अडचण फ्रेमच्या कडेची. कड उंच असते. कात्री आडवी धरायला गेलं की मूठ कडेला अडते आणि टोक आपोआप खाली झुकतं. म्हणून काही कात्र्यांना दोन वाक दिलेले असतात, एक टोकाला आणि एक मुठीपाशी. मूठ कडेच्या वर राहते, पाती कापडाला समांतर. रोज फ्रेमवर काम करणाऱ्या बाईनं हीच घ्यावी. मनगट कमी दुखतं.

कड्यांऐवजी स्प्रिंग असलेला, चिमटीत धरायचा धागा कटर बहुतेक शिंप्यांकडे असतो. साधा कटर शंभर रुपयांच्या आत मिळतो. ही रचना फार जुनी आहे. रोमन काळातल्या कात्र्या अशाच, एका वाकवलेल्या पट्टीच्या असत, आणि जपानमध्ये तशी शिवणकामाची कात्री आजही वापरतात. फ्रेममधून काढलेल्या कापडाचे उलट बाजूचे धागे भराभर उडवायला कटरसारखं दुसरं काही नाही. बारीक अक्षरांत मात्र तो नेऊ नये, त्याची पाती रुंद असतात.

खणाचा मोर कापून साडीवर लावायचा असेल, म्हणजे ॲप्लिक करायचं असेल, तर बदकाच्या चोचीसारख्या चपट्या पात्याची कात्री मिळते. चपटं पातं वरच्या कापडाखाली सरकतं आणि खालची साडी दाबून धरतं, म्हणून साडी कापली जात नाही. करकोच्याच्या आकाराची सोनेरी कात्रीही दुकानात दिसते. तो आकार मुळात युरोपातल्या सुईणींच्या नाळेला लावायच्या चिमट्याचा, असं सांगतात. हातानं भरणारीला ती चालते. पण तिचं टोक सरळ असतं, त्यामुळे फ्रेमवर तिचा फारसा उपयोग नाही.

आता लोखंडाचं. मेरठच्या कात्र्या देशभर जातात. त्यांना २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गाड्यांच्या आणि रेल्वेच्या भंगारातलं पोलाद वितळवून-ठोकून त्या बनत आल्या आहेत. त्या पोलादाला धार छान बसते आणि बोथट झाली की पुन्हा लावता येते, म्हणून कापड बेतायला मी तीच वापरते. पण आमच्याकडे चार महिने पाऊस आणि भिंतींनाही ओल. साधं पोलाद गंज धरतं आणि तो पांढऱ्या कापडावर उतरतो. फ्रेमवरची छोटी कात्री म्हणून स्टेनलेसची घ्यावी. स्टेनलेसमध्ये साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असतं, त्यामुळे गंज सहजी धरत नाही. अजिबात धरत नाही असं नव्हे. ओल्या हातानं ठेवलेली स्टेनलेसही डागाळते.

दुकानात जाताना आपलं रीळ आणि चिंधी बरोबर न्या. दुकानदार जाड कापड कापून दाखवतो, पण आपल्याला कापायचा असतो रेयॉनचा सुळसुळीत धागा. कात्रीची दोन पाती एकमेकांना एकाच बिंदूत टेकतात आणि हा बिंदू खिळ्यापासून टोकापर्यंत सरकत जातो. टोकाला तो सुटला तर धागा कापला न जाता पात्यांमध्ये वाकतो. म्हणून एकच धागा अगदी टोकात धरून कापून बघा. कच्चकन तुटला पाहिजे. मग कात्री उजेडासमोर मिटून धरा. टोकं बरोबर जुळली पाहिजेत. खिळ्याच्या जागी स्क्रू असेल तर उत्तम, सैल झाला की आवळता येतो.

डावखुऱ्या मुलींना वेगळी कात्री लागते, हे आयांना पटत नाही. नेहमीची कात्री उजव्या हातात धरली की अंगठ्याच्या दाबानं पाती जवळ येतात. तीच डाव्या हातात गेली की त्याच दाबानं ती फाकतात. पोरगी वेंधळी नसते, कात्री तिच्या हाताची नसते.

कापण्याबद्दल दोन गोष्टी. जंप मधोमध कापून सोडू नका. धागा हलकेच उचलून दोन्ही टोकांशी कापा. उलट बाजूला मात्र अर्धा सेंटिमीटर शेपूट राहू द्या. रेयॉन गुळगुळीत असतो. मुळाशी कापला तर धुण्यात गाठ सुटते आणि सबंध पाकळी उसवते.

चांगली कात्री घरातच मरते. कागदात चिकणमाती आणि चुन्याची बारीक भर घातलेली असते, ती धार खाते. मुलांच्या वहीची पानं तिनं कापू देऊ नका. जरीसाठी जुनी कात्री वेगळी ठेवा. आठवड्यातून एकदा खिळ्याशी मशीनच्या तेलाचा थेंब सोडा, फडक्यानं पुसा आणि एखादी चिंधी कापून मगच कामाला लावा, नाहीतर तेल ब्लाउजवर येतं. पडली की टोक आधी तपासा.

नव्यानं काम सुरू करणारीनं सहा कात्र्यांचा संच घेऊ नये. चार इंची, वाकड्या टोकाची स्टेनलेस कात्री एक आणि धागा कटर एक, एवढ्यात वर्षभराची कामं होतात. ॲप्लिक शिकलात की चपट्या पात्याची घ्या. पैसे वाचवायचे असतील तर कटर स्वस्तातला घ्या, वाकड्या टोकाच्या कात्रीत काटकसर करू नका. आणि तिच्या कडीला रंगीत दोरा बांधून घरात सगळ्यांना सांगून ठेवा, ही फक्त धाग्याची आहे.