काळ्या शाईचा राखाडी टॅटू

ब्लॅक अँड ग्रे टॅटूत राखाडी शाई बहुतेक वेळा नसतेच. शाई एकच, काळी. ती कमी-जास्त पाणी घालून पातळ केली जाते आणि जिथे उजेड दाखवायचा तिथली कातडी कोरी सोडली जाते. त्यामुळे चेहरे, गुलाब, कवट्या, ढग, देवादिकांची चित्रे असे छायाप्रकाशावर उभे राहणारे विषय या शैलीत खुलतात.

या शैलीचा उगम अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांत झाला. 1960 आणि 70 च्या दशकांत तिथल्या चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या कैद्यांनी ती घडवली. तुरुंगात टॅटू काढायला बंदी असल्याने यंत्र चोरून जुळवावे लागे. कॅसेट प्लेअरची मोटर, पेनची रिकामी नळी आणि घासून टोकदार केलेली गिटारची तार एवढ्यावर काम भागे. बेबी ऑइल किंवा प्लॅस्टिक जाळून काजळी धरायची आणि ती पाण्यात कालवायची, की शाई तयार. लाल-हिरवे रंग कुठून आणणार? सुईही एकच. तिने मोठा भाग भरून काढणे जिकिरीचे असते. पण रेघ केसासारखी बारीक येते, आणि हलक्या हाताने तीच सुई पुन्हा पुन्हा फिरवली की पेन्सिलीने केल्यासारखे शेडिंग उतरते. साधनांची अडचण पुढे या शैलीची ओळख बनली.

विषयही कैद्यांच्या आयुष्यातलेच असत. ग्वादालूपची माता मेरी, एक हसरा आणि एक रडका असे मुखवटे, विदूषकाचा रंग लावलेली तरुणी, जुन्या गॉथिक वळणाच्या अक्षरांत आईचे किंवा वस्तीचे नाव ही चित्रे दंडावर, छातीवर आणि पाठीवर दिसू लागली. प्रार्थनेसाठी जोडलेले हात तर फार लोकप्रिय. त्यांचे मूळ जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने 1508 मध्ये काढलेल्या रेखाटनात आहे. ते आज व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे. कैदी अशीच चित्रे हातरुमालावर पेनाने काढून घरी टपालाने पाठवत. कापडावर बसलेला हात कातडीवर चालला, असे म्हणायला हरकत नाही.

त्या काळी अमेरिकेतल्या टॅटूच्या दुकानांत खलाशांमध्ये रुजलेली शैली चाले: जाड काळी कड आणि आत भडक रंग. न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओ'रायलीने 1891 मध्ये विजेवर चालणाऱ्या टॅटूयंत्राचे पेटंट घेतल्यापासून कामाचा वेग वाढला होता, पण चित्राची ठेवण फारशी बदलली नव्हती. 1975 मध्ये चार्ली कार्टराइट आणि जॅक रूडी यांनी ईस्ट लॉस एंजेलिसमध्ये 'गुड टाइम चार्लीज टॅटूलँड' उघडले. वस्ती चिकानोंची; गिऱ्हाइकांना तुरुंगात पाहिलेले बारीक रेघांचे काम हवे असे. या दोघांनी दुकानातल्या यंत्रालाच एक सुई लावून ते काम सुरू केले. कोठडीत राहून हात तयार झालेला फ्रेडी नेग्रेटे लवकरच त्यांना येऊन मिळाला. तुरुंगातली कला उजळ माथ्याने बाजारात आली ती या दुकानामुळे. 1977 मध्ये ते डॉन एड हार्डीने विकत घेतले. छापचित्रकला शिकलेल्या आणि जपानी टॅटूचा अभ्यास केलेल्या हार्डीच्या पाठबळामुळे या कामाकडे चिकानो वस्तीबाहेरच्या कारागिरांचेही लक्ष गेले.

आजचा कारागीर एका सुईवर अडून बसत नाही. रेघेसाठी गोल जुडग्यातल्या सुया आणि शेडिंगसाठी दोन ओळींत चपट्या मांडलेल्या सुया, ज्यांना मॅग्नम म्हणतात, असा संच असतो. समोर लहान टोप्यांत शाई मांडलेली असते: एकीत निव्वळ काळी, पुढच्यांत क्रमाने अधिक पातळ. हिला ग्रे वॉश म्हणतात. चेहरा काढताना आधी फोटोवरून स्टेन्सिल उमटवतात. उजव्या हाताचा कारागीर बहुधा खालच्या उजव्या कोपऱ्यातून सुरुवात करतो, कारण रक्त आणि शाई पुसताना स्टेन्सिलही पुसली जाते. बरेच जण बाहुली, नाकपुडी, ओठांची फट अशा गडद जागा आधी भरतात. मग मधल्या छटा, शेवटी फिकट. डोळ्यातली चमक मात्र भरायची नसते. तेवढा ठिपका कातडीचाच राखायचा. काही जण शेवटी तिथे पांढऱ्या शाईचा कण ठेवतात, पण तो वर्षांनी पिवळट पडतो. म्हणून कोरी जागा राखण्यातच खरी कसोटी आहे.

सुई अंतस्त्वचेपर्यंत, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल जायला हवी. वरवर राहिली तर शाई झडते, फार खोल गेली तर रेघेभोवती निळसर डाग पसरतो. आत गेलेले कण भक्षकपेशी गिळून धरून ठेवतात. 2018 मध्ये मार्सेच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवून दिले की अशी पेशी मेली की सुटलेले कण नवी पेशी पुन्हा गिळते. टॅटू टिकतो तो असा.

शाई मेलॅनिनच्या थराखाली असल्याने त्वचेचा वर्ण तिच्यावर पडद्यासारखा येतो. सावळ्या कातडीवर सर्वांत फिकट छटा जवळजवळ हरवते. तिथे जाणकार कारागीर छटांच्या पायऱ्या कमी करतो, चित्र मोठे घेतो आणि काळ्यालगत मोकळी जागा जास्त ठेवतो. महाराष्ट्रातल्या जुन्या गोंदणात हा प्रश्नच नव्हता. तेही काजळीचेच, पण रेघ आणि टिंब एवढ्यावर भागणारे, आणि छटेच्या वाटेला न जाणारे.

या मूळ शैलीतून आता बऱ्याच वाटा फुटल्या आहेत. फोटोसारखे हुबेहूब चेहरे काढणारे वास्तववादी काम सर्वांत अवघड आणि सर्वांत फसवेही. इन्स्टाग्रामवरचा फोटो बहुधा ताज्या टॅटूचा असतो आणि जखम भरल्यावर छटा फिकट होतात. नुसत्या टिंबांनी छाया उभी करणारे डॉटवर्क त्या मानाने सुरक्षित. नखाएवढी नाजूक चित्रे हल्ली तरुणांत चालतात, पण रेघा कालांतराने थोड्या रुंदावतात आणि फार जवळच्या रेघा एकमेकींत मिसळतात. उन्हाने फिकटपणा वाढतो, म्हणून सनस्क्रीन लावायला सांगतात. टॅटू नकोसा झालाच तर काळी शाई लेझरने काढायला सर्वांत सोपी, कारण काळे कण जवळजवळ सर्व तरंगलांबींचा प्रकाश शोषतात. तरीही अनेक बैठका लागतात आणि त्यांच्यामध्ये काही आठवड्यांचे अंतर ठेवावे लागते.