वाऱ्याची फुले आणि माशीची फुले

मक्याला फूल येते का, असे विचारले तर आपल्यापैकी पुष्कळजण म्हणतील, "नाही, मक्याला तुरा येतो." पण तो तुरा म्हणजेच नर फुलांचा घोस, आणि खाली कणसातून लोंबणारे केस हे मादी फुलांचे. त्यांना रंग नाही, वास नाही, मध नाही, म्हणून आपण त्यांना फुलांत धरत नाही, इतकेच. त्याच बांधावर लाल भोपळ्याचे फूल पाहा. ओंजळीएवढे, पिवळेधमक! भोपळ्याला माशीला बोलवायचे असते. मक्याला कोणाला बोलवायचे नसते, कारण वारा न बोलावता येतो.

हा फरक नीट पारखला तो बर्लिनजवळच्या स्पांडाऊ येथील शाळेचे मुख्याध्यापक क्रिस्टियान कोनराड स्प्रेंगेल यांनी. १७९३ साली त्यांचा ग्रंथ निघाला आणि १७९४ साली त्यांची नोकरी गेली. त्यांच्या ग्रंथाची खरी कदर पुढे डार्विनने केली.

वारा हा आंधळा हमाल आहे. माल कोठे टाकील याचा नेम नाही. म्हणून वाऱ्यावर विसंबणारे झाड परागकणांची उधळण करते. मक्याच्या एका तुऱ्यातून लाखो कण सुटतात. ते कोरडे व सुटे असतात. ते झेलण्यासाठी कणसाचे केस लांब आणि लवयुक्त असतात. एका केसामागे एक दाणा. ज्या केसावर कण पडला नाही त्याची जागा कणसात रिकामी राहते.

आता व्यवहाराचे बोलू. मक्याचे बहुतेक परागकण थोड्याच अंतरावर खाली पडतात. त्यामुळे बांधाला एकच लांब ओळ लावली तर वारा ते ओळीबाहेर नेतो आणि कणसे बोळकी निघतात. तेवढेच बी चार-पाच आखूड ओळींत, चौकोनात लावावे. तुरा दिसू लागला की पाण्याचा ताण पडू देऊ नये. ताण पडला तर केस उशिरा बाहेर येतात आणि तोवर तुरा रिकामा झालेला असतो. (भात व गहू हेही गवताच्याच कुळातले, पण त्यांचे काम बहुतांशी ज्याच्या त्याच्या फुलातच उरकते. त्यांना एक ओळ काय, दहा काय!)

भोपळ्याचे परागकण जाड, काटेरी आणि चिकट असतात. वाऱ्याने ते हलत नाहीत, माशीच्या अंगाला मात्र लगेच चिकटतात. नर फूल बारीक देठावर असते, मादी फुलाच्या बुडाशी इवलासा भोपळा असतो. नर फुले आधी आणि जास्त येतात. ती वांझ समजून सगळी खुडू नयेत.

हे फूल पहाटे उमलते आणि दुपारच्या आत मिटते. तेवढ्या वेळात सातेरी माशी किंवा भुंगा फिरकला नाही, तर तो इवला भोपळा पिवळा पडून गळतो. आपल्याला वाटते रोग पडला. मग सकाळीच औषधाचा पंप पाठीवर घेतो, उरल्यासुरल्या माश्या मारतो, आणि पुढच्या आठवड्यात आणखी फळे गळतात. गळ पाहिली तर प्रथम सकाळी अर्धा तास वेलीपाशी उभे राहून माशी येते का ते पाहावे. येत नसेल तर नर फूल तोडून पाकळ्या काढाव्यात आणि त्याचा पिवळा दांडा मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवावा. हे काम पहाटेच करावे. किडीसाठी फवारणी करणे भागच असेल, तर ती भोपळ्यावर सूर्यास्तानंतर करावी. दुधी आणि दोडका यांची फुले मात्र संध्याकाळी उमलतात, तेथे ती वेळ टाळावी.

आरोग्याचीही एक गोष्ट याला जोडून आहे. शिंका, नाकातून पाणी, डोळ्यांना खाज सुरू झाली की दोष अंगणातल्या झेंडूवर जातो. परंतु माशीची फुले आपला चिकट माल सहसा हवेत सोडत नाहीत. त्रास बहुधा वाऱ्याच्या, म्हणजे डोळ्यांत न भरणाऱ्या फुलांचा असतो. मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांना स्वतःलाच हा विकार होता. गवताचे परागकण त्याला कारण असल्याचे त्यांनी १८७३ साली प्रयोगांनी दाखवले. आपल्याकडे गाजर गवतावर लक्ष ठेवावे. त्याच्या पांढऱ्या फुलांवर किडे येतात, तसे त्याचे परागकण वाऱ्यानेही पसरतात आणि शिंका आणतात. झाड अंगाला लागले तर कातडीलाही खाज सुटते. ते फुलण्यापूर्वी, पावसाने जमीन ओली असताना मुळासकट उपटावे. हाताला कापड गुंडाळावे, आणि ज्यांना दमा आहे त्यांनी हे काम घरातल्या दुसऱ्या कोणाला सांगावे.