किलोमागे दहा रुपये

पहूरच्या बसस्थानकाजवळ मी चहा घेत होते. शेजारच्या बाकावर दोन शेतकरी कपाशीचं बोलत बसले होते. त्यातला एक म्हणाला, "कापूस परवडतो, येचणी नाही परवडत. किलोले दहा रुपये मांगतात बाया." दुसऱ्याने नुसती मान हलवली. दोघांच्याही बोलण्यात राग नव्हता, थकवा होता. पण ते 'दहा रुपये' माझ्या डोक्यात राहिले. जळगाव जिल्ह्यात राहून कपाशी पाहिली नाही असा दिवाळीचा मोसम जात नाही. तरीही एक किलो कापूस म्हणजे किती बोंडं, ती वेचायला किती वेळ लागतो, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. म्हणून २०२४ च्या दिवाळीनंतर, दुसरी वेचणी सुरू झाली तेव्हा, तिथल्याच एका वावरात गेले.

पहूर हे जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, जामनेर तालुक्यातलं वाघूरकाठचं गाव. पेठ आणि कसबे अशा त्याच्या दोन ग्रामपंचायती. लेणी पाहायला निघालेल्या गाड्या इथूनच जातात. पाचोरा-जामनेर ही छोटी रेल्वे, सगळ्यांच्या तोंडी 'पीजे', पहूरला थांबायची. २०२० च्या टाळेबंदीत ती बंद झाली. आता बाया ॲपेरिक्षात बसून वावरात जातात. एका रिक्षात किती बसल्या हे मोजण्यात अर्थ नाही. जितक्या वेचणीला हव्यात तितक्या बसतात. भाडं कधी मालक देतो, कधी मजुरीतून जातं.

सकाळी आठच्या सुमारास वावरात दहिवर असतं. ओला कापूस वेचला तर व्यापारी ओलाव्याची कपात धरतो. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावरही आठ टक्क्यांवर ओलावा गेला की भाव उतरतो आणि बारा टक्क्यांपुढे माल घेतच नाहीत. त्यामुळे दहिवर उडेपर्यंत थांबा, असं मालक सांगतो. त्या थांबण्याच्या वेळेची मजुरी नाही, कारण मजुरी किलोवर आहे. ऊन चढलं की बाया उभ्या राहतात, साडीवर घरातल्या पुरुषाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात, डोक्याला रुमाल घट्ट बांधतात, कमरेला जुन्या लुगड्याची झोळी लावतात आणि एकेक ओळ धरतात.

ज्या बाईच्या शब्दावर बाकीच्या येतात तिला सगळ्या अक्का म्हणत. पन्नाशीची असेल. तिच्या हातांवरून माझी नजर हटेना. कपाशीचं बोंड उमललं की त्याच्या चार-पाच फाकांची टोकं वाळून काट्यासारखी कडक होतात. कापूस धरायला बोटं आत घालावी लागतात आणि ती टोकं बरोबर नखाच्या मुळाशी लागतात. अक्काच्या दोन्ही अंगठ्यांना चिंध्या बांधलेल्या होत्या. डावा हात एका झाडावर, उजवा दुसऱ्यावर. तीन बोटं आणि अंगठा आत जातात, सगळ्या पाकळ्या एका ओढीत बाहेर येतात, बोंडात धागासुद्धा राहत नाही आणि वाळक्या पानाचा चुरा कापसाला लागत नाही. हे करताना ती बोंडाकडे पाहत नव्हती, पुढच्या झाडाकडे पाहत होती. मी एक ओळ धरून पाहिली. ती संपेपर्यंत माझ्या नखांच्या कडा सोलल्या होत्या आणि झोळीत कापसापेक्षा पाचोळा जास्त दिसत होता. सरकारी भाषेत या कामाला अकुशल म्हणतात. तो शब्द कागदावर लिहिणाऱ्याने एक ओळ वेचून पाहावी, असं मला मनापासून वाटतं.

आता दहा रुपयांकडे येऊ. चांगल्या बोंडातून चार ते पाच ग्रॅम कापूस निघतो. दुसऱ्या वेचणीत चारच धरा. म्हणजे किलोला अडीचशे बोंडं. दहा रुपयांना अडीचशे, एका बोंडाचे चार पैसे. भरल्या वावरात चपळ बाई दिवसाला चाळीस किलोपर्यंत जाते, म्हणजे दहा हजार वेळा बोटं त्या काट्यांत जातात. कापसातून सरकी काढली की सुमारे तिसरा हिस्सा रुई उरते. १७० किलोची एक गाठ बांधायला त्यामुळे पाच क्विंटलच्या आसपास कापूस लागतो. त्या एका गाठीमागे सव्वा लाख बोंडं बायांच्या बोटांतून गेलेली असतात आणि त्यांची मजुरी पाच हजार रुपये होते.

हा हिशेब मी अक्काला सांगितला तेव्हा ती हात न थांबवता म्हणाली, "बोंडं कोन मोजते ताई? आमाले काट्यावरच समजते."

मालक आबा बांधावर बसले होते. माणूस वाईट नाही. पाच एकर कोरडवाहू, दोन मुलं, एक सुरतेला. त्यांचा हिशेब त्यांनी न विचारता मांडला. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला ७५२१ रुपये क्विंटल हमीभाव होता, पण गावात येणारा खेडा खरेदीचा व्यापारी सात हजारांच्या आत मागत होता. सीसीआयकडे न्यायचं तर नोंदणी, रांग, ओलाव्याची भानगड; आणि बायांची मजुरी तर आठवड्याला द्यावी लागते. "सात हजारांतले हजार येचणीत जातात," ते म्हणाले. "सातवा हिस्सा. पोटचं पोरगं तरी सातवा हिस्सा मांगते का?" दहा रुपये किलो हे त्यांनी तीन-चार वेळा सांगितलं, दर वेळी जरा मोठ्या आवाजात.

त्यांचं दुःख खरं आहे. गुलाबी बोंडअळीने २०१७ साली या भागाची कपाशी पोखरली तेव्हापासून बीटी बियाण्यावरचा विश्वास उडालेला, आणि तरी दुसरं बियाणं नाही. पण त्यांच्याच हिशेबात मला एक गोष्ट दिसली. बीटी बियाण्याच्या पाकिटाची किंमत त्या वर्षी ८६४ रुपये होती, सरकारने ठरवलेली. खताच्या गोणीवर किंमत छापलेली असते. औषधाच्या बाटलीवर असते. तिथे आबा घासाघीस करू शकत नाहीत. कापसाला निदान कागदावर हमीभाव आहे. या सगळ्या साखळीत ज्याच्यावर काहीच छापलेलं नाही असा एकच माल आहे, तो म्हणजे अक्काची बोटं. म्हणून ओढाताण होते ती तिथेच, एका रुपयावर, दोन रुपयांवर, आणि ती दोन गरिबांमध्ये होते.

जेवणाची सुट्टी बाभळीखाली झाली. कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. पाणी घरून आणलेलं. दुपारी दोनपर्यंत ते संपत येतं, मग बायका पाणी पिणं कमी करतात. त्याला दुसरंही कारण आहे, ते एका तरुण पोरीने हळूच सांगितलं: सपाट वावरात आडोसा नसतो. सबंध दिवस कमी पाणी पिऊन उन्हात वाकायचं. डोकेदुखी, लघवीची जळजळ हे त्या आजार म्हणून सांगतच नाहीत, मोसमातली रीत म्हणून सांगतात.

जेवताना अक्का घरचं बोलली. नवरा हमाली करायचा, आता पाठीने अधू. धाकटा मुलगा बारावीला. शिधापत्रिकेवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं, पण ते गहू-तांदूळ. भाकरीची ज्वारी विकतच. ऑगस्टपासून लाडकी बहीण योजनेचे महिना दीड हजार खात्यावर येऊ लागले होते. ते कशाला जातात विचारलं तर म्हणाली, गटाच्या कर्जाच्या हप्त्याला. कर्ज नवऱ्याच्या पाठीच्या दवाखान्याचं होतं. हप्ता आठवड्याला असतो, काम आठवड्याला नसतं. मृगात पेरणी, मग निंदणी-खुरपणी, मग वेचणी. जानेवारीनंतर फरदड, म्हणजे लांबवलेली कपाशी, राहिली तर राहिली, नाहीतर जूनपर्यंत केळीच्या पट्ट्यात किंवा वीटभट्टीवर. मोसम संपला की मालक कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून नेऊ देतो, तेवढंच वर्षभराचं सरपण. गॅसची टाकी आहे. ती पाहुणे आले तर पेटते.

एक गोष्ट तिने आवर्जून सांगितली. निंदणीला रोजाने गेलं तर बाईला एक भाव, माणसाला दुसरा. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला, वावरापर्यंत तो कधी आलाच नाही. "येचणीत तसं नाही," अक्का म्हणाली. "काटा बाई-माणूस पाहत नाही." म्हणून बोटं सोलणारं हे काम तिला आवडतं. मला हे ऐकून बरं वाटलं, आणि लगेच वाईटही वाटलं.

कारण काटा दुसरंही काही पाहत नाही. पहिल्या वेचणीत झाडं पांढरी असतात, हात भरून निघतो. तिसऱ्या वेचणीला बोंडं लहान, विरळ, अळीने धरलेली. किडका पिवळट कापूस, ज्याला कवडी म्हणतात, तो वेगळा काढावा लागतो. वेळ तितकाच जातो आणि वजन भरत नाही. तेव्हा दिवसभरात वीस किलोही होत नाहीत. दर तोच, दहा रुपये. म्हणजे दोनशेही नाहीत. त्या वर्षी रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २९७ रुपये होता. भरल्या वावरात बाई त्याच्या वर जाते, उतरत्या वावरात खूप खाली. पीक बिघडल्याचा तोटा शेतकऱ्याला होतो हे सगळे मान्य करतात, त्याच्यासाठी विमा आहे, पंचनामे आहेत. तोच तोटा किलोच्या दरातून गुपचूप मजूर बाईवरही उतरतो, त्याचा पंचनामा नाही. १९७२ च्या दुष्काळातून ज्या राज्याने रोजगार हमी उभी केली आणि १९७७ साली तिचा कायदा केला, त्या राज्यात हे चाललं आहे.

सापाचंही तसंच. वाकून वेचताना हात झाडाच्या बुडाशी जातो. सर्पदंशाने, विंचूदंशाने जीव गेला तर गोपीनाथ मुंडेंच्या नावाची अपघात योजना आहे, पण ती खातेदार शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या घरातल्या एका माणसासाठी. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याच्या बोटाला त्याच वावरातला तोच साप चावला तर ती योजना लागू होत नाही. आबा तिच्यात बसतात. अक्का बसत नाही.

दिवस उतरला तशा बाया आपापली गाठोडी घेऊन बांधाकडे आल्या. आबांचा मुलगा बॅटरीवरचा काटा झाडाला लटकवून उभा होता. प्रत्येकीचं गाठोडं आकड्याला लागलं की ती गाठोड्याकडे नाही, काट्याच्या लाल आकड्यांकडे पाही. गाठोड्याच्या फडक्याचं म्हणून अर्धा किलो वजा. एका तरुण पोरीचे एकवीस भरले, ती काही बोलली नाही. अक्काचे साडेतेहतीस. मुलगा वहीत 'तेहतीस' लिहू लागला.

"साडे," अक्का म्हणाली.

"अक्का, पाच रुपयांसाठी?"

"सव्वाशे बोंडं झाली ना रे ती," ती म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं. मुलाने आकडा सुधारला.

मग पुढचं बोलणं सुरू झालं. रस्त्यापलीकडच्या तुकड्यात तिसरी वेचणी बाकी होती. अक्काने सांगितलं, तिथे किलोने येणार नाही, रोजाने या म्हणाल तर येऊ, तीनशे. आबा म्हणाले, रोजाने लावलं की हात हळू चालतात, किलोनेच या, हवं तर अकरा देतो. अक्का म्हणाली बारा, आणि रिक्षाचं भाडं तुमचं. सातपुड्यातून पावरा मजुरांच्या टोळ्या उतरल्यात, त्यांना सांगतो, असं आबांनी बोलून पाहिलं. त्यांनाही पोट आहे, तेही बाराच मागतील, असं तिने उत्तर दिलं. आबांनी साडेअकरा म्हटलं. अक्का गाठोड्याचं रिकामं फडकं झटकत म्हणाली, "रातच्याले फोन करा आबा. बाकीच्या बायांले इचारून सांगतो." आणि रिक्षात बसली.