अपिलाचा मार्ग आणि विधिमंडळाची मर्यादा

दावा लावण्याचा अधिकार जसा स्वाभाविक, तसाच अपिलाचाही, अशी समजूत पुष्कळदा आढळते. ती यथार्थ नाही. दाव्यास कायद्याची बंदी नसली म्हणजे पुरते. अपिलास मात्र कायद्याचा स्पष्ट आधार लागतो. हा भेद सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली गंगाबाई विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात विशद केला. अपील कोठे, किती टप्प्यांनी व कोणत्या अटींवर चालावे, हे ठरविणे म्हणूनच सामान्यतः विधिमंडळाचे काम होय. मुंबई उच्च न्यायालयाच्या सनदेतील पंधराव्या कलमान्वये एका न्यायमूर्तीच्या निर्णयावर काही बाबतींत खंडपीठाकडे जाता येई. उच्च न्यायालयाचा एक न्यायमूर्ती अपिलात निर्णय देतो तेव्हा पुढील ही वाट दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सुधारित १००-अ कलमाने २००२ मध्ये बंद केली.

तथापि या अधिकारास दोन मर्यादा आहेत. पहिली कालाची. दावा दाखल होताच तत्कालीन कायद्याप्रमाणे अपिलाचा हक्क पक्षकारास प्राप्त होतो. नव्या कायद्याने तो स्पष्ट शब्दांत अथवा अपरिहार्य अर्थाने काढून घेतला नसेल, तर तो टिकतो, असे गरिकापाटी प्रकरणात १९५७ साली ठरले.

दुसरी मर्यादा घटनेची. अपील आणि न्यायिक पुनर्विलोकन या दोन संज्ञा येथे कटाक्षाने वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. अपील कायद्याने मिळते. घटनेच्या २२६व्या कलमाखालील उच्च न्यायालयाचा अधिकार प्रत्यक्ष घटनेतून येतो. न्यायाधिकरणांचे निर्णय या अधिकाराबाहेर ठेवण्याची तरतूद चंद्रकुमार प्रकरणात १९९७ साली सात न्यायमूर्तींच्या पीठाने रद्द ठरविली.

हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या २००७ च्या कायद्याने अपिलाचा मार्ग थेट सर्वोच्च न्यायालयाकडे वळविला. परंतु त्यासाठी सामान्यतः सार्वजनिक महत्त्वाचा कायदेविषयक प्रश्न असावा लागतो. एखाद्या निवृत्त शिपायाच्या अपंगत्व-वेतनाच्या वादात असा प्रश्न क्वचितच उद्भवतो. उच्च न्यायालयांनी अशा अर्जांत सहसा हात घालू नये, असे २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, तेव्हा अशा अर्जदारास न्यायाधिकरणाचा शब्द व्यवहारतः अखेरचा ठरू लागला. २०२३ च्या परशोत्तम दास प्रकरणातील निर्णयाने उच्च न्यायालयाचा अधिकार अबाधित असल्याचे स्पष्ट केले.

सारांश, वाट कोणती असावी हे विधिमंडळाने ठरवावे. परंतु घटनेने उघडलेले द्वार साध्या कायद्याने बंद होत नाही. शिवाय, कागदावर आखलेली वाट दुर्बल पक्षकारास खरोखर चालता येते किंवा नाही, याचा विचारही ती आखणाऱ्यानेच करावयाचा असतो.